वासे मोजणारा मामा

माझा मामा कुणाच्याही घरात शिरला की आधी वर बघतो. घरातली माणसं "या, बसा" म्हणत असतात आणि हा त्यांच्या डोक्यावरून छताकडे डोळे लावून ओठांतल्या ओठांत पुटपुटत असतो. नव्या माणसाला वाटतं, पाहुणा फार देवभोळा दिसतोय. जुन्या माणसाला माहीत असतं की पाहुणा सुतार आहे आणि घराचे वासे मोजतोय. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आम्हाला शाळेत म्हणींच्या तासाला शिकवलं होतं. मी घरी येऊन आईला विचारलं, की मग मामाचं काय? आई त्याची धाकटी बहीण. ती म्हणाली, "माझा दादा कृतघ्न नाही रे. तो खायच्या आधीच मोजतो."

मामाचं वय चोपन्न. उजव्या कानावर पेन्सिल असते आणि डावा कान नावापुरता. करवतीचं मशीन तीस वर्षं त्याच्या डाव्या हाताला होतं, त्याने तो कान खाल्ला. ठार बहिरा म्हणावा तर तसंही नाही. डाव्या कानात शब्द पोचतो, पण वाटेत त्याचं शेपूट तरी तुटतं, नाहीतर नवं फुटतं. मामीने एकदा "माझी माळ कुठे ठेवलीत?" असं विचारलं तर हा शेजारून शिडी मागून घेऊन आला. त्याने 'माळा' ऐकलं होतं. आणि सकाळच्या चहाला मामी नेमकी त्याच्या डावीकडे बसते, कारण उजव्या हाताने तो पेन्सिलीने काहीतरी आखत असतो आणि त्याचं कोपर कपाला लागतं. एका संसारात किती गोष्टी एका कोपरामुळे ठरतात, हे मला पुढे कळलं.

मामी कमी बोलते आणि बोलते ते करते. हे दोन्ही गुण एकाच माणसात, असं आमच्या घराण्यात दुसरं उदाहरण नाही.

तर हा मामा आमच्या गावी राहायला येणार होता. तो काम करायचा तो मोठ्या शहरातला कारखाना बंद पडला आणि आमच्या कॉलेजला वर्कशॉपमध्ये मुलांना रंधा कसा धरायचा हे शिकवायला माणूस हवा होता. मी त्याच कॉलेजच्या कार्यालयात कारकून आहे. अर्जांच्या गठ्ठ्यात मामाचा अर्ज सारखा खाली जायचा आणि मी तो सारखा वर काढून ठेवायचो. याला वशिला म्हणू नका. गुरुत्वाकर्षणाशी दिलेला लढा म्हणा. मामाला काम मिळालं. राहिलं घर.

नवरा-बायकोला दोन खोल्या बघायच्या, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण सव्वीस वर्षांत मामीने नऊ घरं बदलली होती. काम जाईल तिकडे मामा, मामा जाईल तिकडे मामी, आणि मामी जाईल तिकडे ती पत्र्याची पेटी, जिची कडी चौथ्या घराच्या जिन्यात तुटली ती अजून तुटलेलीच आहे. सुताराच्या घरातली पेटी कोण दुरुस्त करणार? दहाव्या घराचा विषय निघाला तेव्हा मामी म्हणाली, "मी बघायला येणार नाही. नऊ बघितली, पुरे झाली. तुम्ही बघा, तुम्ही ठरवा. मी एकदाच येईन आणि दारात उभी राहीन. आत जावंसं वाटलं तर जाईन. नाही वाटलं तर त्याच पावली ताईकडे."

मामीची ही ताई शहरात एकटीच राहते. तिने कपाटातले दोन कप्पे बहिणीसाठी रिकामे करूनही ठेवले होते.

मामा बसमधून उतरला आणि हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधी मला म्हणाला, "भाचेराव, कप्प्यांत वर्तमानपत्रसुद्धा नवं घातलंय रे." आवाज असा, की कुणी तरी गेलंय.

त्याच्या काखेत प्लायवूडचा एक तुकडा होता, साधारण पाटीएवढा. तो काय आहे हे मला ठाऊक होतं. बारावीचं वर्ष मी त्यांच्या सातव्या घरी काढलं, तेव्हा तो चहाच्या टेबलावर कायम पडलेला असायचा. मामीला एक स्वप्न पडतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, चौथ्या घरापासून. त्यात ती एका घरात असते. सकाळी चहा पिताना, डोळे अजून अर्धे मिटलेले, ती मामाला सांगते: तेच घर होतं हो आज. दुसरा नवरा असता तर त्याने 'असं होय' म्हणून पेपरात तोंड घातलं असतं. मामा सुतार. तो विचारायचा, "खिडकी केवढी?" मामी झोपाळू हात हवेत पसरायची. मामा कानावरची पेन्सिल काढून प्लायवर लिहायचा: अडीच फूट.

मी तेव्हा एकदा त्याला म्हटलं होतं, "मामा, स्वप्नाला माप नसतं."

"माप नाही असं जगात काही नसतं," तो म्हणाला. "आपली टेप आखूड असते."

वीस वर्षांत त्या प्लायवर एवढं जमा झालं होतं. पायऱ्या तीन. खिडकी डाव्या हाताला. सकाळचं ऊन जमिनीवर, चटईएवढं. दार नाही, आणि त्यापुढे दोन प्रश्नचिन्हं, कारण बिनदाराचं घर ही सुताराला शिवीच वाटते. मग: जवळ पाणी असावं, आवाज येतो, सर्रर्र, थांबून पुन्हा सर्रर्र. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: वासे फार छान.

किती वासे, ते मामीने सांगितलं नव्हतं. म्हणून मामा मोजायचा. आई म्हणते, ही खोड त्याला चौथ्या घरानंतरच लागली. त्याचं म्हणणं, कुठल्या तरी घरात बरोबर आकडा येईल आणि आला की आपल्याला कळेल.

आमच्याकडे सात दिवस होते. आठव्या दिवशी कॉलेज उघडणार होतं.

सुट्टीत आमचं गाव बघावं. गाव म्हणजे एक कॉलेज आणि त्याला चिकटलेल्या चार गल्ल्या. मुलं गेली की दुकानांची फळकुटं अर्धी बंद होतात, कुत्री रस्त्याच्या मधोमध आडवी होतात, आणि घड्याळाच्या मनोऱ्यातलं घड्याळ कुणी बघत नाही म्हणून आपल्या मनाने चालतं. मोकळ्या खोल्यांच्या खिडक्या उघड्या, पडदे आत-बाहेर, आत-बाहेर, जणू खोल्या झोपेत श्वास घेताहेत. मामाबरोबर त्या गल्ल्यांतून हिंडताना मला वाटायचं, आपण घर शोधत नसून कुणाच्या तरी डुलकीतून चवड्यांवर चाललो आहोत. खोलीत शिरलं की भिंतींवर चिकटपट्टीचे चार-चार ठसे, काढलेल्या चित्रांचे. दारामागे गणिताची सूत्रं. एका खिडकीच्या चौकटीवर कुणी तरी बारीक अक्षरात कोरलं होतं: 'आई, मी पास झालो.' मामाने त्यावरून बोट फिरवलं. "पटाशी बोथट होती," तो म्हणाला. "पण हात चांगला आहे."

पहिली जागा मीच सुचवली होती. कॉलेजच्या फाटकापासून पाच मिनिटांवर झेरॉक्सवाल्याचं दुकान आहे, त्याच्या मागे दोन खोल्या. झेरॉक्सवाला सुट्टीत मशीनच्या झाकणावर डोकं ठेवून झोपतो, त्यामुळे त्याच्या गालावर मशीनच्या बटणांचे ठसे असतात. त्याने किल्ली दिली. दार घासत होतं, ते खांद्याने ढकललं. मामा आत गेला, वर बघितलं आणि तसाच बाहेर आला.

"याला वासे नाहीत."

"मामा, वर स्लॅब आहे. वासे कुठून येतील?"

"तेच म्हणतोय मी."

"बाकीचं तरी बघ. कॉलेज जवळ, बाजार जवळ, दवाखाना..."

"वासे नाहीत," मामा म्हणाला आणि चालू लागला. झेरॉक्सवाल्याने एक डोळा उघडून मला विचारलं, "तुझ्या मामाला काय टांगायचंय का छताला?"

दुसरी जागा ओढ्याच्या काठावर. कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक बाई तिथे राहतात. भूगोल शिकवायच्या, आणि अजूनही समोरच्या माणसाकडे तो नकाशात चुकीच्या जागी छापला गेलाय असं बघतात. घर जुनं, उंच, कौलारू. मागच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या. बाईंनी आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला, वर बिस्किटं. मामाने पहिला घोट घेतला आणि त्याचे डोळे वर गेले. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो उजवा पाय होता, पण ऐकलं त्याने डाव्या कानाने.

"तेवीस," मामा मोठ्याने म्हणाला.

"काय तेवीस?" बाई.

मामा उठला, खिशातून घडीची फूटपट्टी काढली, खुर्चीवर चढला आणि वरती टकटक केलं. "बाई, राग मानू नका. तेविसातला नववा पोकळ आहे."

बाईंनी कप बशीत ठेवला. "माझ्या खुर्चीवर उभं राहून, माझा चहा पिऊन, माझ्याच घरचे वासे मोजताय?"

"मोजून झाले," मामा नम्रपणे म्हणाला.

मी मामाच्या शर्टाला धरून त्याला खाली आणि नंतर बाहेर आणला. बिस्किटं तशीच राहिली, याचं मला आजही वाईट वाटतं. छोट्या गावात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. आम्ही ओढ्यावरचा पूल ओलांडून न्हाव्याच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा न्हावी दुसऱ्याची हजामत थांबवून म्हणाला, "काय मामा, आमच्या दुकानाचं छत कसं काय?" पुढच्या तीन दिवसांत पाच घरांनी आम्हाला उंबरठ्यावरूनच वाटेला लावलं. एका घरमालकिणीने तर जागा रिकामी आहे अशी पाटी आमच्या डोळ्यांदेखत उतरवली.

रोज संध्याकाळी माझ्या खोलीत मामा प्लायचा तुकडा मांडीवर घेऊन बसायचा. "तिने एवढ्या वर्षांत कधी काही मागितलं नाही," तो म्हणायचा. "हे पण मागितलं नाही. नुसतं सांगितलं. म्हणून जास्त जड आहे."

पाचव्या दिवशी आम्ही गावाबाहेर गेलो. चार किलोमीटरवर तळ्याकाठी एक खेडं आहे. बस दिवसातून चार वेळा जाते आणि ड्रायव्हरच्या मनात असेल तर पाच. तिथे एका निवृत्त पोस्टमनचं जास्तीचं घर रिकामं होतं. दाराशी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. तळ्यावरून वारा येत होता आणि घराच्या भिंतीवर पाण्याचा उजेड थरथरत होता, जणू घर पाण्याच्या आत आहे आणि आपण वरून वाकून बघतोय.

मामा आत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मी डोकावलो. तो जमिनीवर उताणा झोपून वासे बघत होता.

"अठरा," तो हळूच म्हणाला. "सगळे एका झाडाचे असावेत. बघ, गाठी कशा एका रेषेत आहेत." मी जवळ गेलो तर त्याला झोप लागली होती. फूटपट्टी छातीवर, तोंड किंचित उघडं.

"उठवतो मी त्याला," मी पोस्टमनला म्हटलं.

"राहू दे," पोस्टमन म्हणाला. "झोपलेल्या माणसाला मी कधी उठवलं नाही. तीस वर्षं दाराखालून पत्र सरकवून पुढे गेलोय." आम्ही दोघं पायरीवर बसलो. तळ्यात एक बदक एकाच जागी पोहत होतं. पोस्टमनने मला सांगितलं की हे घर त्याचं व्हायच्या आधी इथलं पत्र तो सगळ्यात शेवटी आणायचा, कारण इथे आलं की परत जावंसं वाटायचं नाही. मला वाटलं, झालं. घर सापडलं. पाणी आहे, वासे आहेत, घरमालक वासे मोजू देतो.

तासाभराने मामा बाहेर आला. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"स्वप्न पडलं. पण तिचं नाही, माझं." तो पायरीवर बसला. "हेच घर होतं. एकामागून एक दारं उघडत होतो, सगळी दारं माझ्याच हातची, लोण्यासारखी उघडत होती. आणि आत ती नाही. हाका मारत होतो. ती ओ देत असणार रे. पण डावीकडून देत असणार."

मग मामाने विचारलं, "शेवटची बस कितीला?"

"साडेपाचला."

"माझं काम सहाला सुटणार. चालत यायचं म्हणजे सात. दिवसभर ती इथे आणि हे अठरा वासे. वासे बोलतात का रे?"

"तू बोलतं करतोस की त्यांना."

मामा हसला नाही. त्याने पोस्टमनला सांगितलं, "घर अव्वल आहे. पण माझ्या बायकोला दिवसभर एकटं ठेवणारं घर मी घेणार नाही." पोस्टमनने मान हलवली. पत्र चुकीच्या पत्त्यावर आलंय हे त्याला लवकर कळतं.

बसमध्ये मामाने प्लायचा तुकडा उलटा करून मांडीवर धरला होता. गावात उतरल्यावर तो सरळ झेरॉक्सवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "ती मागची जागा द्या. बिनवाशांची." हरलेला माणूस अटी मान्य करतो तसं. मग माझ्या फोनवरून, उजव्या कानाला लावून, मामीशी बोलला.

"घर मिळालं."

पलीकडून काही तरी.

"पण तसं नाहीये गं. तू सांगतेस तसं."

मग मलासुद्धा ऐकू आलं, "सोमवारी अकराच्या गाडीने येते."

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तिसऱ्या घरात असताना मामा काम घरी आणायचा. खोलीतच रंधा मारायचा, करवत चालवायचा, सगळीकडे लाकडाचा भुसा. एके दिवशी मामी पीठ मळत होती आणि पिठात भुसा पडला. मामी ओरडली. ती ओरडली असं घडल्याची ही एकमेव नोंद आहे. त्या दिवसापासून मामाने, तो प्लायचा तुकडा सोडला तर, घरात लाकडाचा कण आणला नाही. कारखान्यातल्या नळावर आंघोळ करायचा, कपडे झटकायचा, दुसरा शर्ट घालून घरी यायचा. वीस वर्षं. लोकांना वाटायचं सुतार नाही, बँकेतला माणूस आहे.

सोमवारी सकाळी नऊला मी गेलो तेव्हा मामा नव्या घराच्या दारासमोर कंबरेवर हात ठेवून उभा होता. दार तळाला फुगलं होतं, जमिनीला घासत होतं आणि कुत्रा गुरगुरावा तसा आवाज काढत होतं.

"ती आली आणि दारच अडलं तर?" मामा म्हणाला. "दारात उभी राहून ठरवणार आहे ती. पहिल्यांदा हेच ऐकणार?" त्याने बिजागऱ्या सोडवल्या, दार उतरवलं, खोलीत दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि पिशवीतून रंधा काढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अकराच्या गाडीवर तू जा. आणि तिला जरा हळूहळू आण. मला दार बसवून सगळं झाडून घ्यायचंय. भुसा दिसला तर संपलंच बघ."

गाडी दहा मिनिटं लवकर आली. आमच्या गावात ती आयुष्यात एकदा लवकर आली ती त्या दिवशी. मामी उतरली. पेटी नव्हती. फक्त एक पिशवी.

"मामी, पेटी?"

"पेटी ताईकडे आहे. आधी बघू तर."

मी तिला लांबच्या वाटेने नेलं. ग्रंथालय दाखवलं, बंद कँटीन दाखवलं, मनोऱ्याचं घड्याळ दाखवलं, ते तेव्हा पावणेचार वाजले म्हणत होतं. सूचना फलकावरच्या गेल्या वर्षीच्या सूचना वाचून दाखवल्या.

"तू मला फिरवतोयस," मामी म्हणाली.

"गाव दाखवतोय गं."

"राहिले तर दिसेलच की गाव."

आणखी सूचना उरल्या नव्हत्या. आम्ही झेरॉक्सवाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. गल्ली अरुंद, दोन्ही भिंतींवर सकाळचं ऊन, कुठे माणूस नाही. मामी थांबली.

सर्रर्र. थांबून पुन्हा सर्रर्र.

मामीचं बोट वर झालं, मी गप्प राहावं म्हणून. मग वाऱ्याची एक झुळूक गल्लीतून आली आणि तिच्याबरोबर ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला, गोडसर, किंचित तुरट. मी घाईघाईने म्हणालो, "मामी, तो आत्ता झाडणारच होता. दार घासत होतं ना, म्हणून..."

ती ऐकत नव्हती. तिचे डोळे चहाच्या टेबलावर असायचे तसे झाले होते, अर्धे मिटलेले. पिशवी माझ्या हातात देऊन ती चालू लागली, ओळखीच्या घरी जातात तशी, खाली न बघता. एक, दोन, तीन पायऱ्या चढली. मी त्या तेव्हा पहिल्यांदा मोजल्या. दार उघडायचा प्रश्नच नव्हता. चौकटीत दारच नव्हतं. मामी आत गेली.

मी मागोमाग पोचलो. डाव्या हाताच्या खिडकीतून ऊन आत येऊन जमिनीवर पडलं होतं, चटईएवढं, आणि त्या उन्हात लाकडाची कुरळी सालपटं पसरली होती. मामा रंधा हातात घेऊन उभा. केसांत सालपटं, भुवयांवर भुसा. चोरी करताना सापडल्यासारखा.

"दोन मिनिटं! झाडतोच आहे. तू बाहेर थांब जरा, मग ये."

मामी उन्हात जमिनीवर बसली. सालपटांचा एक ढीग तिने हाताने जवळ ओढला. "अहो," ती म्हणाली, "हा वास."

ती त्याच्या डावीकडे होती.

"वासे नाहीत गं इथे," मामा रडवेला होऊन म्हणाला. "फोनवर म्हटलं ना मी, तसं नाहीये म्हणून. वासेवाली सगळी घरं बघितली, भाचा साक्षीला आहे, तेवीस बघितले, अठरा बघितले..."

"कसले वासे?"

मामाने कोपऱ्यातला प्लायचा तुकडा आणून तिच्यापुढे धरला. मामीने वाचलं. वरून खालपर्यंत, मग पुन्हा खालची ओळ. ती उठली, मामाच्या उजव्या बाजूला गेली, त्याचा उजवा कान धरला आणि त्यात म्हणाली, "वास. स सशातला. पुढे काही नाही. वास फार छान येतो, असं सांगत होते मी. वीस वर्षं."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं, तिथे मोजायला काही नव्हतं.

"आणि पाणी?" मामाने विचारलं.

"कुठलं पाणी? हा आवाज," तिने त्याच्या हातातल्या रंध्याकडे बोट दाखवलं. "सर्रर्र, थांबून पुन्हा सर्रर्र. स्वतःचा रंधा ओळखू येत नाही तुम्हाला?"

"पण तूच म्हणाली होतीस ना, भुसा नको म्हणून? तिसऱ्या घरात?"

"पिठात नको म्हटलं होतं," मामी म्हणाली. "पिठात. घरात नको असं कधी म्हटलं?"

मामा स्टुलांवरच्या दारालाच टेकला. वीस वर्षं नळावरच्या थंड पाण्याने आंघोळ केलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा बघितलं. मग त्याला काही तरी आठवलं. "आणि ते दार? दार नाही असं तू सांगायचीस, ते तरी बरोबर ऐकलं होतं का मी?"

"ते बरोबर ऐकलंत. पण प्रश्नचिन्हं कशाला दोन-दोन?"

"बिनदाराचं घर मी सरळ कसं लिहिणार? सुतार आहे मी!"

मामी हसली. मी तिला इतकं हसताना बारावीच्या वर्षात एकदाही बघितलं नव्हतं. मामाने अंगठ्याला थुंकी लावली आणि प्लायवरच्या 'वासे'ची मात्रा पुसायला गेला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. "राहू द्या," ती म्हणाली. "मी बोललेलं कुणी लिहून ठेवलं नाही आजवर. चुकीचं का असेना, तुम्ही ठेवलंत."

मग तिने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि ताईला दोन ओळी लिहिल्या. पेटी पाठव, आणि कप्प्यांत तुझं सामान परत लाव. पेटीची कडी तुटली आहे, सांभाळून.

मी पत्र टाकून परत आलो तेव्हा दुपार झाली होती. दार अजून स्टुलांवरच होतं. आत जमिनीवर, सरकत सरकत भिंतीपाशी गेलेल्या उन्हात, मामी कुशीवर झोपली होती. सालपटं कुणी झाडली नव्हती, एक तिच्या वेणीत अडकलं होतं. मामा उघड्या चौकटीत उंबरठ्यावर बसला होता, पाठ एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, त्यामुळे आत जायला जागाच नव्हती.

झेरॉक्सवाला गालावर बटणांचे ठसे घेऊन मागे आला. "अहो मामा, माझं दार कुठं गेलं?"

मामाने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. झोपलीय ती."

"झोपू द्या हो. पण दाराशिवाय घर उघडं पडलंय ना?"

"उघडं कसं?" मामा म्हणाला. "मी बसलोय ना."